मदत हवी आहे : भाचीच्या पॉक्सो केसमध्ये आरोपीचं हायकोर्टात अपील, घरी नोटीस आली आहे

कृष्णाकाठ
नमस्कार. घाईत लिहितोय, मंगळवारची तारीख आहे. भाचीच्या पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) केसमध्ये आरोपीला शिक्षा लागली, आम्ही म्हटलं सुटलो एकदाचे. आता त्याने वर अपील केलंय आणि काल पोलीस घरी येऊन नोटीस देऊन गेले. बहिणीला रिस्पॉन्डंट (प्रतिवादी) नंबर २ केलंय. आम्ही काय गुन्हा केला? हवालदार म्हणाले सही करा, बाकीचं वकिलाला विचारा. खालच्या कोर्टात सगळं सरकारी वकिलांनीच बघितलं, आमचा वेगळा वकील नव्हता. त्यांना फोन केला तर म्हणाले, हायकोर्टाचं माझ्याकडे नसतं.
मला दोनच गोष्टी सांगा. पोरीला परत साक्षीला उभं करणार का? आणि अपील केलं म्हणून तो बाहेर येणार का? ती आत्ता कुठे शाळेत रुळलीय. (गाव आणि शाळेचं नाव काढलं आहे - संपादक)

संपादक मंडळ
धागाकर्ते, गाव, शाळा, वर्ग, नातेवाइकांची नावं असं काहीही लिहू नका. मुलीची ओळख पटेल अशी कुठलीही माहिती छापणं पॉक्सोच्या कलम २३ प्रमाणे गुन्हा आहे, आणि तो घरच्या माणसाने केला तरी गुन्हाच. बाकीच्यांनीही खोदून विचारू नये. जिल्हा सांगितला तरी पुरे.

निवृत्त शिरस्तेदार
माहिती अपुरी आहे. कलम कोणतं? शिक्षा किती? गुन्हा कोणत्या सालातला? पॉक्सोतल्या शिक्षा वाढवणाऱ्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा असेल तर हिशेब वेगळा. नोटिशीच्या डोक्यावर फक्त 'क्रिमिनल अपील' आहे की 'इंटरिम अ‍ॅप्लिकेशन' पण आहे? खंडपीठ कोणतं? एवढं सांगितल्याशिवाय कोणीही काहीही सांगेल, त्याला अर्थ नाही.

घाटावरचा
दादा, घाबरू नका. उलट तुम्हीच अपील ठोका, फाशीच मागा. असल्यांना वीस-पंचवीस वर्षं सरकारी भाकरी कशाला? मुंबईला चांगला वकील गाठा, खर्च होऊ दे.

रेवा
घाटावरचा, राग समजतो, पण चुकीच्या रस्त्याला लावू नका. पीडित पक्षाला स्वतः अपील करता येतं ते तीनच बाबतींत : आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली. शिक्षा वाढवून मागणारं अपील फक्त सरकार करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे.
धागाकर्ते, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : बहुतेक नाही. अपिलात नव्याने साक्षी होत नाहीत. खालच्या कोर्टाचं सगळं रेकॉर्ड वर जातं, साक्षी, उलटतपासणी, वैद्यकीय अहवाल, पंचनामे, आणि न्यायमूर्ती ते वाचतात. जादा पुरावा घ्यायची तरतूद आहे, पण ती क्वचित वापरली जाते. मुलीला वारंवार कोर्टात बोलवू नये हे तर पॉक्सोच्या कलम ३३ मध्येच लिहिलं आहे. तिला आत्ता काही सांगायचीही गरज नाही.
दुसऱ्या प्रश्नासाठी शिरस्तेदारांनी विचारलेलं सांगा.

कृष्णाकाठ
जिल्हा सांगली. कलम ६ (गंभीर लैंगिक अत्याचाराची शिक्षा), वीस वर्षं सक्तमजुरी आणि दंड. गुन्हा २०२२ चा, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. नोटिशीत दोन्ही नंबर आहेत, अपील आणि त्याच्या खाली इंटरिम अ‍ॅप्लिकेशन. आणि मुंबई नाही, कोल्हापूर लिहिलंय.

घाटावरचा
कोल्हापूरला कुठलं हायकोर्ट? नोटीस खोटी तर नाही ना?

निवृत्त शिरस्तेदार
अहो, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे. वकिलांनी किती वर्षं त्यासाठी आंदोलन केलं आणि तुम्ही विचारताय कुठलं हायकोर्ट! मुंबईचा वकील गाठायची काही गरज नाही.
आता मुद्दा. ते इंटरिम अ‍ॅप्लिकेशन म्हणजे शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा हा अर्ज. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३०. मंगळवारी लागलंय ते हेच. अपील दाखल झाल्याने शिक्षा आपोआप थांबत नाही, हा अर्ज मंजूर झाला तरच तो बाहेर येईल. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सरकारी वकिलाला लेखी विरोध नोंदवायची संधी दिल्याशिवाय असा अर्ज मंजूर करता येत नाही. मूळ अपिलाची सुनावणी पुढे केव्हातरी, पेपरबुक (खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डचा संच) तयार झाल्यावर.

मोरपंखी
दादा, माझं ऐका आणि मंगळवारी बहिणीला घेऊन जाच. आमच्याकडे (दुसरा जिल्हा) नोटीस कधी हातात पडलीच नाही. आरोपी एक दिवस चौकात दिसला तेव्हा कळलं की जामीन झाला. पोरीने आठवडाभर अंगणातसुद्धा पाय ठेवला नाही. सरकारी वकील असतात, पण त्यांच्यासमोर बोर्डावर (त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत) ढीगभर केसेस असतात. आपलं माणूस कोर्टात उभं असलं की फरक पडतो. नोटीस मिळाली हे भाग्य समजा.

तळकोकणी
सगळे एकाच बाजूने बोलत आहेत म्हणून लिहितो. अपील करणं हा आरोपीचा हक्क आहे, त्यात भाग्य-दुर्भाग्य काय? माझा मित्र प्रेमप्रकरणाच्या केसमध्ये काही वर्षं आत होता. मुलीचं वय सिद्ध करायला शाळेचा दाखला सोडून काही नव्हतं. वरच्या कोर्टात सुटला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तामिळनाडूच्या एका प्रकरणात नुसत्या शाळेच्या ट्रान्सफर सर्टिफिकेटवर वय धरता येत नाही म्हणून शिक्षा रद्द केली आहे. कलम २९ मुळे आरोपी दोषीच असं गृहीत धरतात, मग माणसाने जायचं कुठे?

मोरपंखी
अकरा वर्षांच्या पोरीच्या धाग्यावर प्रेमप्रकरणाची उदाहरणं देऊ नका. विनंती आहे.

रेवा
तळकोकणी, अपिलाच्या हक्काबद्दल दुमत नाही. निर्दोष माणूस आत राहू नये म्हणूनच ते आहे. पण कलम २९ चं तुम्ही सांगताय तसं नाही. आधी सरकार पक्षाला घटनेचा पाया पुराव्याने उभा करावा लागतो, मग गृहीतक लागू होतं आणि ते खोडून काढायची संधीही आरोपीला मिळते.
वयाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, अपिलात हमखास येतो. कृष्णाकाठ, जन्मदाखला, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा, खालच्या कोर्टात दाखल होऊन निशाणी (पुरावा म्हणून क्रमांक) पडली होती का?

कृष्णाकाठ
जन्मदाखला दिला होता, निकालात त्याचा उल्लेख आहे. वयावरून उलटतपासणीत काही विचारलंच नव्हतं.

घाटावरचा
माझा हायकोर्टावर विश्वास नाही. नागपूरला काय झालं विसरलात? कपड्यावरून हात लावला तर गुन्हाच नाही म्हणे. सोडून दिलं होतं.

निवृत्त शिरस्तेदार
अर्धवट सांगू नका. जानेवारी २०२१ च्या त्या निकालात पॉक्सोचं कलम ८ (लैंगिक हल्ल्याची शिक्षा) काढलं होतं, पण भादंवि ३५४ (विनयभंग) खाली एक वर्षाची शिक्षा कायम होती. आठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो रद्द करून कलम ८ खाली तीन वर्षं ठेवली. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, कातडीला कातडी लागली की नाही हे नाही, असं सांगितलं. स्वतः ॲटर्नी जनरल अपिलात गेले होते.

माउली१२
ताई-दादा, मनोधैर्य योजनेचे (अत्याचारपीडितांना सरकारी अर्थसाहाय्य) पैसे मिळाले का मुलीला? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळतात. आमच्या ओळखीत मिळाले. कागदपत्रांची यादी हवी असेल तर टाकते.

कृष्णाकाठ
पैशाचं नंतर बघू ताई. रेवाताई, एक विचारायचं राहिलं. आज संध्याकाळी दाजींच्या घरी एक वकील येऊन गेला. एक प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलंय, त्यावर बहिणीची आणि दाजींची सही पाहिजे म्हणतो. "आमचा जामिनाला विरोध नाही, गैरसमजातून तक्रार झाली होती" असं लिहिलंय. दाजी सही करायच्या बेतात आहेत. त्यांच्या आईने अन्न सोडलंय.

रेवा
थांबा. दाजींच्या आईचा यात काय संबंध?

कृष्णाकाठ
आरोपी दाजींचा सख्खा धाकटा भाऊ आहे. एकाच वाड्यात राहायचे सगळे. निकालात नातेवाईक असल्याचं कलम लागलंय म्हणून मला वाटलं कलम ६ म्हटल्यावर कळलं असेल.

मोरपंखी
अरे देवा. म्हणजे तो सुटला तर त्याच वाड्यात येणार?

कृष्णाकाठ
हो. तेच तर. बहीण सध्या माझ्याकडे आहे पोरीला घेऊन.

चंदूकाका
रागावू नका, पण घरातली बाब आहे. म्हातारीचा जीव जाईल. पोराला बाहेर काढून लांब कुठे कामाला लावलं, सगळ्यांनी बसून मिटवलं तर मुलीचीही बदनामी टळते. मी अशी प्रकरणं बसून मिटवलेली आहेत.

मोरपंखी
काका, बदनामी कोणाची? अकरा वर्षांच्या लेकराने काय केलंय बदनाम व्हायला? तुमच्या बैठकीत पोरीला विचारलं होतं का कधी?

रेवा
चंदूकाका, हे मिटवायचा अधिकार कोणालाच नाही. ना दाजींना, ना आजीला, ना तुम्हाला. राजस्थानातल्या एका प्रकरणात मुलीच्या वडिलांनी आरोपी शिक्षकाशी तडजोड केली म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. आणि तिथे तर खटलाही चालला नव्हता. इथे शिक्षा झालेली आहे.
कृष्णाकाठ, नीट वाचा. बहिणीने त्या कागदावर सही करायची नाही, कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. तिने कोर्टात शपथेवर साक्ष दिली आहे, आता "गैरसमज" म्हणून लिहून दिलं तर मुलीची साक्ष पुसली जात नाही, पण जामिनाच्या अर्जाला मोठा आधार मिळतो. त्यांना नेमकं तेच हवंय. आलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दाजींनी सही केलीच तरी नोटीस बहिणीच्या नावाने आहे, तिचं म्हणणं वेगळं मांडता येतं.
उद्या सकाळी सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिथून उच्च न्यायालयातल्या वकिलासाठी अर्ज पुढे जातो. १५१०० या क्रमांकावर आजही फोन करता येईल.
अर्जाला विरोध करताना मुख्य मुद्दा हाच : आरोपी त्याच घरातला, मुलगी अजून अल्पवयीन, दबाव आत्ताच सुरू झालाय. शिक्षा स्थगित करताना पुरावा नव्याने तोलायचा नसतो, निकालात वरवर बघताच दिसेल अशी मोठी चूक आहे का, एवढंच बघायचं असतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये राजस्थानातल्या आणखी एका पॉक्सो प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेली अशी स्थगिती त्यांनी रद्दही केली. तुमच्या वकिलांना हे माहीत असेलच, तरी आठवण करून द्या.

तळकोकणी
नात्यातलं आहे हे माहीत नव्हतं. प्रतिज्ञापत्राबद्दल रेवा म्हणतात ते बरोबर आहे. सही करू नका.

निवृत्त शिरस्तेदार
सोबत न्यायचं : नोटीस, निकालाची सहीशिक्क्याची नक्कल, बहिणीचं आधार, मुलीचा जन्मदाखला. केस नंबर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकून बोर्ड आदल्या संध्याकाळी बघा, तारीख बदललेली असते आणि लोक उगाच हेलपाटा घालतात. आणि वीस वर्षं ही कलम ६ ची किमान शिक्षा आहे. दोष कायम राहिला तर उच्च न्यायालय त्याच्या खाली येऊ शकत नाही. आरोपीच्या अपिलात ते शिक्षा वाढवतही नाहीत.

कृष्णाकाठ
(बुधवार) जाऊन आलो. वकीलबाई मिळाल्या, वकीलपत्र दाखल झालं. पहिल्या पुकारातच समोरच्यांनी ते प्रतिज्ञापत्र पुढे केलं, दाजींनी सही केली होती. आमच्या बाईंनी उभं राहून सांगितलं की आईचा विरोध आहे आणि मुलगी आईकडे राहते. सरकारी वकिलांनीही लेखी उत्तराला वेळ मागितला. तीन आठवड्यांनंतरची तारीख पडली, तोवर जामीन नाही.
बाई म्हणाल्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र करू. त्यात दाजींबद्दल लिहावं लागेल का? बहीण त्यालाच घाबरतेय.

रेवा
दाजींवर आरोप करायची गरज नाही. कागद कोणी आणला, कधी आणला, काय बोलले आणि मुलगी आता कुठे राहते, एवढं जसं घडलं तसं लिहायचं. फोटो जोडा. घरचा पत्ता वकीलबाईंना वेगळा द्या, प्रतिज्ञापत्रात नको, त्याची प्रत समोरच्यांना जाते.