"हे नका घेऊ" असं सांगणारा दुकानदार तुम्हाला शेवटचा कधी भेटला?

घारगे

गौरी-गणपती तोंडावर आले म्हणून माळ्यावरची मोठी भांडी खाली काढली. एका पितळी पातेल्याच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव दिसलं, 'आत्याकडून सप्रेम, ता. १४-५-७८', आणि ते जिथून घेतलं ते दुकानच डोळ्यासमोर उभं राहिलं. लक्ष्मी रोडपासून दोन गल्ल्या आत. नाव लिहीत नाही.

आमच्याकडच्या दोन पिढ्यांच्या मुंजी, लग्नं, वास्तुशांती सगळं त्याच दुकानातून. भांडं तागडीत टाकायचं, वजनावर भाव. जुनी मोड द्यायची, वरचा फरक भरायचा. नाव घालायचं मशीन दारातच किर्र करत असायचं आणि ऱ्हस्व-दीर्घ मालक स्वतः तपासायचे. त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. आप्पा गल्ल्यावरून उठून यायचे आणि आईच्या हातातली परात सरळ काढून घ्यायचे. "ही नका घेऊ वहिनी. पत्रा पातळ आहे, कणीक मळताना नाचेल." मग दुसरी द्यायचे. ती कधी महाग निघायची, कधी चक्क स्वस्त.

यंदा भाचीच्या लग्नाच्या खरेदीला हट्टानं तिथेच गेले. आता तीन मजले, एसी, लिफ्ट. आप्पा भिंतीवर, हार घातलेले. भांडी सगळी खोक्यांत. मुलाला विचारलं, गेज किती, म्हणजे पत्रा किती जाड? "मॅम, हा बेस्टसेलर आहे." बरं, वजन? "मॅम, पीसवर रेट आहे." खोकं उघडून बघू का, तर सील तुटेल. शेवटी एक सँडविच बॉटमची, म्हणजे बुडाला वेगळा थर चिकटवलेली कढई घेतली. भाचीनं जेमतेम महिनाभर वापरली आणि बुडाचा थर कडेनं सुटायला लागला. दुकानात नेली तर "कंपनीशी बोला". कंपनी म्हणजे व्हॉट्सॅपवरचं यंत्र. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे', खाली १ दाबा, २ दाबा. दाबतेय अजून.

कढईचे पैसे गेले, जाऊ देत. मला राग याचा आहे की त्या तीन मजल्यांवर एकालाही माल कसा आहे ते माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असेल त्याला सांगायची मुभा नव्हती.

तुमचे अनुभव लिहा. भांडीच हवीत असं नाही, साड्या, सोनं, चपला, मिक्सर, काहीही चालेल.

बे_एके_बे

कळलं कुठलं दुकान :) पूर्वी तिथे अपमान फुकट आणि माल चोख मिळायचा. आता मॅम-मॅम फुकट आहे.

अंजिरी

साड्यांचं तर विचारूच नका. दादरला सासूबाईंबरोबर जायचे तेव्हा पांढऱ्या गादीवर बसवून आधी पाणी, मग चहा, मग "बजेट सांगा ताई, उगाच ढीग नको". पैठणी दाखवताना पदर आधी उलटा करायचे. हातमागाच्या पैठणीचा पदर मागून-पुढून जवळजवळ सारखाच दिसतो, मागे धागे लोंबत नाहीत की कापलेले दिसत नाहीत. हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, त्या गादीवर बसून कळलं.

परवा जावेच्या मुलीसाठी त्याच दुकानात गेलो. मी पदर उलटा करायला घेतला तर मुलगी म्हणते, "मॅम घडी मोडू नका, परत पॅक करायला त्रास होतो." सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेचं लेबल विचारलं. "लेबलं संपलीत." साडी आहे, लेबलं संपलीत!! जाऊबाईंना रंग आवडला म्हणून घेतली, आता फॉल-बिडिंगला दिलीय, ते एक वेगळंच पुराण. शिंपीणबाईंनी फॉल मॅचिंग न लावता... जाऊ दे, कुकर झाला, येते नंतर.

रानवारा

विषय सोडून विचारतो, घारगे भोपळ्याचे की काकडीचे? आयडी बघून भूक लागली.

घारगे

@रानवारा भोपळ्याचे. काकडीचे सासूबाई करतात, त्या कोकणातल्या. दोन्हीवरून घरात दोन पक्ष आहेत.

@अंजिरी लेबलं संपलीत हे भारी आहे.

ठोकबडव

भांड्यांबद्दल थोडं लिहितो, आयुष्य स्टीलच्या पत्र्यात गेलंय.

लोक खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात जातात. चिकटलं नाही की खूश. तर तसं नाही. चांगलं म्हणतात ते ३०४, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, जुन्या डब्यांवर १८-८ लिहिलेलं असतं ते हेच. त्याला चुंबक चिकटत नाही. पण २०० सीरिजलाही चिकटत नाही. निकेल महाग, म्हणून तिथे ते कमी करून मँगनीज वाढवतात. दिसायला तेच, चकचकीत तसंच. फरक कळतो मीठ, चिंच, कोकम पडलं आणि भांडं तसंच राहिलं की. बारीक तांबूस ठिपके येतात.

उलट इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटायलाच हवं, तिथे मुद्दाम ४३० चा, म्हणजे चुंबक चिकटणाऱ्या स्टीलचा थर असतो. म्हणजे चुंबक चिकटलं म्हणून भांडं वाईट असंही नाही.

गेज: आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर, २६ म्हणजे अर्ध्याच्याही किंचित खाली. घारग्यांच्या आप्पांना हे आकडे लागत नसणार, काठावर टिचकी मारून कळत असेल. खोक्याला टिचकी मारून काय कळणार?

बुडाचा थर सुटणं हे बहुतेक वेळा नीट न चिकटवल्याचं लक्षण. तापलेली कढई गार पाण्याखाली धरली तरी होतं, पण महिन्यात नाही होत.

बे_एके_बे

@ठोकबडव सर, माझ्याकडे चुंबक आहे, आता त्याचं काय करू?

ठोकबडव

फ्रीजला लावा.

वैनगंगा

आमच्या नागपूरकडे इतवारीत आजोबा भंडाऱ्याची पितळी गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घ्यायचे. दुकानदार गुंडात पाणी भरून टांगून ठेवायचा अर्धा तास, मगच पैसे. कोणी मागितलं नव्हतं तसं करायला. आता तेच घर तेच नाव, पण माल कुठून येते ते त्यांनाच माहीत नाही. मी विचारलं भंडाऱ्याचंच आहे नं हे? तर पोरगा म्हणते "हो हो, इंडियाचंच आहे".

गल्ल्यामागून

सगळे दुकानदाराला झोडताहेत म्हणून लिहिते. माझं सासर दुकानदाराचं, तालुक्याच्या गावी, मिक्सर-कुकर-शेगडी. भांडं काय नि मिक्सर काय, गोष्ट एकच.

गिऱ्हाईक येतं, तीन मिक्सर चालवून बघतं, मॉडेल नंबरचा फोटो काढतं, "घरी विचारून येतो" म्हणून जातं. संध्याकाळी आमच्याच गल्लीत डिलिव्हरीवाला तोच खोका घेऊन येतो. वर आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक आमच्याकडे येतं, भांड्याचं पातं सैल झालंय, जरा बसवून द्या, तुमच्याकडूनच तर नेहमी घेतो! सासरे देतात बसवून. नवरा चिडतो.

आमच्याकडे एक काका होते, प्रत्येक कंपनीचं कपलर (मिक्सरचं भांडं मोटरला जोडणारा भाग) हाताच्या स्पर्शानं ओळखायचे. ते निवृत्त झाले, त्यांच्या तोडीचा माणूस ज्या पगारात मिळेल तो पगार मिक्सरमागच्या नफ्यात बसत नाही. आता मुलं सहा-सहा महिन्यांनी बदलतात. त्यांना माल शिकवेपर्यंत ती मोबाइलच्या दुकानात गेलेली असतात.

आणि पत्रा पातळ का झाला? शंभर रुपयांनी स्वस्त शेजारी मिळतंय म्हणून लोक उठून जातात म्हणून. सासरे अजूनही "हे नका घेऊ" म्हणतात. लोकांना वाटतं महागातलं गळ्यात मारताहेत. एकजण तोंडावर म्हणाला तसं.

पण तक्रार आली की "कंपनीशी बोला" हे चूकच, त्याला माझा पाठिंबा नाही.

अंजिरी

@गल्ल्यामागून पटलं हो. फोटो काढून जाणाऱ्यांत आमचे हे पण आहेत, आज दाखवते त्यांना वाचायला.

झुळूक

इकडे न्यू जर्सीत आलो तेव्हा सगळ्यांनी कौतुकानं सांगितलेलं, काहीही परत करता येतं, कधीही. मेन राज्यातली एल. एल. बीन नावाची जुनी कंपनी आहे, बूट-जॅकेटांची. त्यांचा आजन्म परतावा प्रसिद्ध होता, बिल नको, कारण नको. २०१८ मध्ये त्यांनी तो बंद करून एक वर्षावर आणला. कारण काय, तर लोक दुसऱ्यांनी वापरून टाकलेले, घरासमोरच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून उचललेले जोडे आणून नवे मागायला लागले. गल्ल्यामागून यांचं वाचून तेच आठवलं. दुकानं बिघडली यात गिऱ्हाइकांचाही हात असतो थोडा.

बाय द वे, इथे कुणी एडिसनमध्ये आहे का? पितळी पातेल्याला कल्हई करून देणारं कुणी? आईनं हौसेनं दिलंय, नुसतं शोभेला आहे.

कल्याण_स्लो

एडिसनमध्ये कल्हई!! इथे कल्याणात मिळेना. पूर्वी दारावर यायचा, भाता, कथील, नवसागर, तो पांढरा धूर आणि वास. आम्ही पोरं गोल करून बसायचो.

मूळ विषय: आमच्या आईनं दुकानावर विश्वास ठेवायचं केव्हाच सोडलेलं. ती मुंबई ग्राहक पंचायतीची. १९७५ ची संस्था. आसपासच्या घरांचा एक संघ, महिन्याची यादी भरून द्यायची, माल घाऊकात यायचा आणि एकाच्या घरी उतरायचा. आमच्या हॉलमध्ये तूरडाळ, साबण, पोहे यांचे ढीग आणि सगळ्या मावश्या वाटपाला. डाळ खडीची निघाली तर त्याच बैठकीत चर्चा आणि पुढच्या वेळी तो माल बाद. मला तेव्हा वैताग यायचा कारण टीव्ही लावता यायचा नाही. आता वाटतं केवढं डोकं होतं त्यात. मालाबद्दल बोलायला माणसं तरी होती.

दिवटी

कल्याण_स्लो यांनी विषय काढलाच आहे म्हणून. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला ग्राहक पंचायत सुरू केली, म्हणजे आपल्याकडे हे जुनंच आहे, पण लोक भांडत नाहीत. व्हॉट्सॅपच्या यंत्राशी बोलत बसतात.

घारगे, १ दाबा २ दाबा बंद करा. १९१५ वर फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत छापली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्यातच. आणि "कंपनीशी बोला" म्हणून विकणाऱ्याला नेहमीच अंग काढून घेता येत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

एक फार महत्त्वाचं. बिलाचा फोटो घरी आल्याआल्या काढा. तो गुळगुळीत कागद कपाटात ठेवला तरी अक्षरं उडतात आणि वॉरंटीच्या वेळी हातात कोरा चिठोरा उरतो.

घारगे

@दिवटी बिल आहे! अक्षरं फिकट झालीत पण तारीख दिसतेय. खोक्यावर वॉरंटी पण लिहिलीय. उद्या करते फोन. कढईवर दुकानाचं स्टिकर आहे ते काढू नको म्हणून भाचीला आत्ता कळवलं.

रंकाळा_वारा

धाग्याच्या नावाला कुणी सरळ उत्तरच दिलं नाही. मला भेटला. गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात चप्पल घ्यायला गेलो, पाहुण्यांना द्यायची होती. दुकानदार म्हणाला, "आत्ता कशाला घेताय? भिजली की तळ फुगतोय, मग मला शिव्या देणार. दसऱ्याला या." मी म्हटलं पाहुणे उद्या जाणार. तर म्हणे मग त्यास्नी पेढे द्या. गेलो, काय करतो!

बे_एके_बे

@रंकाळा_वारा पत्ता द्या त्यांचा. चप्पल नको, नुसतं बघून येतो.

रानवारा

पेढे कुठून घेतले?

मोगरी

सगळं वाचलं नाही, धावत लिहितेय. कुकरची रिंग ठाण्यात कुठे मिळेल? ज्या दुकानातून कुकर घेतला ते म्हणतात हे मॉडेल आता येत नाही, नवीन घ्या. अहो रिंगसाठी कुकर कोण घेतं?

गल्ल्यामागून

@मोगरी किती लिटरचा आहे? झाकण आत बसतं की बाहेरून? आणि शिट्टीची नळी ढिली झालीय का तेही बघा, कधीकधी वाफ तिथून जाते आणि आपण रिंग बदलत बसतो. झाकणाच्या किंवा हँडलच्या बाजूला कंपनी आणि मॉडेल कोरलेलं असतं, त्याचा फोटो टाका, सासऱ्यांना विचारते.

मोगरी

पाच लिटर, झाकण आत बसतं. फोटो रात्री टाकते, आत्ता त्यातच डाळ शिजतेय, बाजूनी फुसफुस करत.