दीक्षान्ताची पानभर जाहिरात आणि न छापलेला आकडा

खिडकी_नंबर_तीन

काल 'बारावीनंतर काय' या धाग्यावर पनवेल_पॅसेंजर यांनी एका खासगी विद्यापीठाची पानभर जाहिरात डकवली. खाली त्यांचं भाष्य: "प्रवेश दरवर्षी वाढतायत, निकाल शंभराला टेकलाय, एका दीक्षान्त समारंभात हजारो पदव्या. आकडे बोलतात. सरकारी विद्यापीठांची आरती ओवाळणाऱ्यांनी आता तरी गप्प बसावं." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते वाढत गेलं, म्हणून वेगळा धागा. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण ही चलाखी एकट्या त्याची नाही.

माझी सगळी नोकरी उपनगरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात गेली. आधी प्रवेशाची खिडकी, मग परीक्षा विभाग, आणि कॉम्प्युटर बऱ्यापैकी येतो म्हणून शेवटी एआयएसएचई या केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा फॉर्म भरायचं काम गळ्यात. आकडे बोलतात हे खरंच. जसे बोलवाल तसे बोलतात.

'प्रवेश' म्हणजे कुठल्या तारखेचे? जूनमध्ये खिडकीवर जी झुंबड असायची तिच्यातली बरीच पोरं सीट धरून ठेवायला आलेली असत. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या, पुढच्या फेरीत इंजिनिअरिंगला नंबर लागला की तीच पोरं त्याच खिडकीवर एलसी (शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला) परत मागायला. ऑगस्टमध्ये हजेरीपट काढताना नावांवर लाल रेघा मारून पेन संपायचं. जाहिरातीला अर्थातच जूनची यादी सोयीची.

'निकाल' म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी पास किती. जो मधेच सोडून गेला, ज्याची केटी (नापास विषय) राहिली म्हणून शेवटच्या वर्षाला पोचलाच नाही, ज्याची फी थकली म्हणून हॉल तिकीट मिळालं नाही, तो या हिशेबात जन्मालाच आलेला नसतो.

आणि 'पदव्या'! त्यात चार वर्षांचे बी.टेक., दोन वर्षांचे एमबीए, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेले, मागच्या साली लटकून यंदा सुटलेले, सगळे एकाच मांडवात. हजारो टोप्या हवेत उडतात, फोटो झकास येतो.

विचारायचा आकडा एकच. एका जुलैत जी बॅच पहिल्या वर्षाला वर्गात बसली, तिच्यातली किती पोरं ठरलेल्या मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडली? हा आकडा गुपित नाही. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी 2016 पासून निघते, तिच्यासाठी संस्थेलाच तो भरून द्यावा लागतो आणि ती पीडीएफ स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. रकाने बघा: मंजूर जागा, पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष प्रवेश, थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, किमान मुदतीत उत्तीर्ण, नोकरी लागलेले, पगाराचं मीडियन (म्हणजे बरोबर मधल्याचा पगार), पुढे शिकायला गेलेले. पोराचे पैसे भरायच्या आधी ती पीडीएफ उघडा. जाहिरातीचं पान भेळेला वापरा.

पनवेल_पॅसेंजर

वा, माझ्या नावाने धागा! उपकार झाले.

माझा मुलगा अशाच एका खासगी विद्यापीठात बी.टेक. करतो. मेमध्ये पेपर संपले, जूनमध्ये निकाल. मार्कशीट मोबाइलवर, डिजिलॉकरमध्ये. कुणाला सलाम ठोकावा लागला नाही. तुम्हाला 2017 आठवतंय का? मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षेला उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी एकदम सरसकट लावली. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली, सप्टेंबर उजाडला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करावं लागलं. कायद्यात निकालाला 30 दिवस लिहिलेत, फार तर 45. त्या साली ज्यांचे परदेशातले प्रवेश लटकले त्यांना तुमचे रकाने समजावून सांगा.

आणि एक. खिडकीआडून "साहेब जेवायला गेलेत, उद्या या" म्हणण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी खासगीवाल्यांना पारदर्शकता शिकवू नये.

खिडकी_नंबर_तीन

साहेब जेवायलाच जायचे हो. दोन-दोन तास. खिडकीवर शिव्या मी खायचो.

मोजूनमापून

दोघांनीही भांडण बाजूला ठेवून पाचवीचं गणित करावं. समजा 100 जणांनी प्रवेश घेतला. 15 जण कॅपमध्ये नंबर लागून गेले, राहिले 85. त्यातले 60 वेळेवर शेवटच्या परीक्षेला बसले, 57 पास झाले. जाहिरातीत छापणार 95 टक्के. वर्गात उरलेल्या 85 वर काढलं तर 67. दोन्ही आकडे खरे, कोर्टातही टिकतील.

पण खिडकीभाऊ, तुम्हीही पत्ते झाकून खेळताय. हाच आकडा सरकारी विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांतली किती कॉलेजं दर्शनी भागात लावतात? रात्र महाविद्यालयात दिवसभर नोकरी करून शिकणारा पोरगा तीनऐवजी पाच वर्षांत बीकॉम झाला तर तुमच्या 'किमान मुदती'च्या रकान्यात तो नापासांच्या रांगेत. गळती मोजताना कुठली पोरं घेतली होती हेही बघावं लागतं. वरून निवडून घेतली की आकडा आपोआप चकचकीत.

शिवाय आता नव्या शिक्षण धोरणात एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. काल जो गळलेला होता तो उद्या प्रमाणपत्रधारक म्हणून मोजला जाणार. जाहिरातवाल्यांची चंगळ आहे.

एआयएसएचई 2021-22 मधली 4 कोटी 33 लाखांची पटसंख्या सगळे भाषणांत फेकतात. तीही खिडकीभाऊंसारख्या लोकांनीच भरलेली.

आयटीतली_आई

जूनच्या यादीचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. लेकीसाठी मे महिन्यात एका खासगी विद्यापीठात सीट धरली. तिथल्या काउन्सेलर मॅडम सकाळ-संध्याकाळ फोन करायच्या, "मॅम, फक्त शेवटच्या काही सीट्स उरल्यात." पहिल्या सेमिस्टरची फी भरली, मूळ एलसी आणि मार्कशीट दिली. पुढे कॅपमध्ये माटुंग्याला नंबर लागला. लगेच रद्द करायला गेलो. उत्तर: "ब्रोशरच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, नॉन-रिफंडेबल." बघितलं तर मुंगीएवढ्या अक्षरात खरंच लिहिलेलं. मॅडमनी फोन उचलणं बंद. एलसीसुद्धा देईनात, "नो ड्यूज झाल्यावर." आणि कॅपच्या कॉलेजात मूळ कागद दाखवायची मुदत डोक्यावर.

तेव्हा कळलं की यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, 2018 चं परिपत्रक आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फक्त 5 टक्के कापता येतात आणि तेही 5,000 रुपयांच्या वर नाही. त्यानंतर 90, 80, 50 अशी उतरंड, आणि शेवटच्या तारखेनंतर 30 दिवस उलटले की शून्य. मूळ कागदपत्रं पडताळून तिथल्या तिथे परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. परिपत्रकाची प्रिंट टेबलावर ठेवली तेव्हा एलसी दहा मिनिटांत ड्रॉवरमधून निघाली. पैशांसाठी यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकावी लागली.

जाहिरातीतल्या 'वाढत्या प्रवेशां'त माझी लेक शंभर टक्के मोजलेली असणार.

नाना_गिरगाव

ताई, सीट तुम्ही अडवलीत. तुमच्यामुळे एखादा दुसरा पोरगा ताटकळला असेल, त्याचं काय? दोन होडक्यांवर पाय ठेवायचे आणि ओले झाले की समुद्रावर केस करायची.

आयटीतली_आई

नाना, कॅपची यादी जुलै-ऑगस्टात लागते आणि खासगीवाले मेमध्ये "आज भरा नाहीतर सीट गेली" म्हणतात. हातात काहीच न ठेवता बसायचं का? तुमच्या वेळी एकच कॉलेज होतं आणि तिथे चालत जायचे, माहितीये.

नाना_गिरगाव

चालतच जात होतो आणि फीसुद्धा परवडत होती. असो. खासगी विद्यापीठांचं कौतुक करणाऱ्यांना छत्तीसगड आठवत नाही? 2002 च्या कायद्याने तिथे 112 खासगी विद्यापीठं कागदावर उभी केली. 2005 मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सगळी झोपवली. तिथल्या पोरांचे आकडे कुठल्या रकान्यात शोधायचे?

पनवेल_पॅसेंजर

नाना, वीस वर्षांपूर्वीचं दुसऱ्या राज्यातलं उकरून काढायचं असेल तर मग मीही घाशीराम कोतवालापासून सुरुवात करतो.

कट्ट्यावरचा

इथे सगळे आई-बाबा. मी आता खासगी विद्यापीठातच आहे, शेवटच्या वर्षाला.

पहिल्या आठवड्यात वर्गात बसायला जागा नव्हती, पोरं मागे भिंतीला टेकून उभी. आता मागचे चार बाक रिकामे असतात, त्यावर आम्ही बॅगा ठेवतो. काही जण कॅपमध्ये गेले, काहींची फी झेपली नाही, एक जण घरच्या धंद्यात गेला. ग्रुपवर अजून सगळे आहेत, म्हणून ग्रुपचा आकडा भारी दिसतो 😄

पण सर लोक नावाने ओळखतात. लॅबमध्ये मशीन चालू असतं. माझा शाळेतला दोस्त एका जुन्या अनुदानित कॉलेजात आहे, तिथे प्रॅक्टिकलला एका सेटअपभोवती आठ जण, एक करतो, बाकीचे जर्नल उतरवतात. त्यामुळे खिडकीकाका, तुमचा आकडा विचारा जरूर, पण त्यात लॅब दिसत नाही.

फीबद्दल मात्र बोलायलाच हवं. माझी बहीण ओबीसी कोट्यातून कॅपने इंजिनिअरिंगला लागली. 8 जुलै 2024 च्या जीआरनुसार 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. तिला मिळाली. ती माझ्या विद्यापीठात आली असती तर एक रुपया मिळाला नसता, कारण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलीत. प्रवेश घेताना काउन्सेलरने "स्कॉलरशिपचं बघू" एवढंच म्हटलं होतं. बाबा अजून बघतायत.

मोजूनमापून

हा मुद्दा चांगला काढलास. त्याच एनआयआरएफच्या पीडीएफमध्ये एकूण विद्यार्थिसंख्येच्या तक्त्यात उजवीकडे सरकलं की 'पूर्ण ट्यूशन फी परतावा मिळालेले' असे रकाने आहेत: सरकारकडून, संस्थेच्या निधीतून, खासगी संस्थांकडून. त्यांच्याच शेजारी आर्थिकदृष्ट्या मागास किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती, हेही असतं. दोन्ही आकडे एकत्र वाचले की 'स्कॉलरशिपचं बघू' म्हणजे नेमकं किती जणांचं बघितलं ते कळतं.

नाना_गिरगाव

आणि जी विद्यापीठं त्या क्रमवारीत भागच घेत नाहीत त्यांचं? कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकवर विसंबावं तर 2025 च्या फेब्रुवारीत सीबीआयने तपासणी समितीतल्या लोकांनाच लाचेच्या प्रकरणात पकडलं.

खिडकी_नंबर_तीन

भाग घेत नसेल तर प्रवेशाच्या टेबलावर तोंडाने विचारायचं: तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती होते, आज शेवटच्या वर्षाला किती आहेत? उत्तराऐवजी प्लेसमेंटचं ब्रोशर पुढे सरकवलं की समजून जायचं.

नाना, नॅकची पीअर टीम यायची तेव्हा आमच्याकडे भिंतींना रंग आणि कुंड्यांना झाडं लागायची. टीम गेली की कुंड्या नर्सरीत परत. मी काय सांगू.

पनवेल_पॅसेंजर

काल रात्री मुलाच्या विद्यापीठाची पीडीएफ उघडली. सापडायला वेळ लागला, मुखपृष्ठावरून दुवा नाही, पार तळाशी बारीक अक्षरात. मुलाच्या आधीची बॅच बघितली. पहिल्या वर्षाचा आकडा आणि किमान मुदतीतला आकडा यांत फरक आहे. किती ते इथे लिहिणार नाही, मुलाचं अजून एक वर्ष बाकी आहे. मीडियन पगार जाहिरातीतल्या 'सर्वोच्च पॅकेज'च्या जवळपासही नाही.

झालं समाधान? आता खिडकीसाहेब, तुमच्या कॉलेजचा आकडा टाका. तुम्हीच भरत होतात ना?

खिडकी_नंबर_तीन

बीएच्या वर्गात पहिल्या वर्षाला दोन तुकड्या भरायच्या, तिसऱ्या वर्षाला एकही धड भरायची नाही. पण फी खासगीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती आणि पानभर जाहिरात आम्ही कधी दिली नाही.

पनवेल_पॅसेंजर

जाहिरात द्यायला पैसे नव्हते म्हणा.

आयटीतली_आई

फी स्वस्त म्हणून गळती माफ? मुलीचं वर्ष दोन्हीकडे सारखंच जातं. आणि रिफंडचं कुणीच बोलत नाही, मला व्यनित (व्यक्तिगत निरोपात) ढीगभर मेसेज आलेत. सगळ्यांचं एकच, एलसी अडकलीय.

नाना_गिरगाव

कारण सगळ्यांनी सीटा अडवल्यात.

आयटीतली_आई

नाना, तुम्ही ना...

संपादक

वैयक्तिक शेरे थांबवा, दोन प्रतिसाद उडवले आहेत. फी परताव्याची चर्चा मूळ विषयापेक्षा मोठी झाली आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे फक्त प्रवेश आणि पदव्यांच्या आकडेवारीबद्दल लिहा.

ठाण्याची_मावशी

पहिल्यांदाच लिहितेय. भाच्याचा प्रवेश रद्द करायचाय, 'शेवटची तारीख' विद्यापीठ दर आठवड्याला पुढे ढकलतंय. मग ते 15 दिवस कुठल्या तारखेपासून धरायचे?

आयटीतली_आई

मावशी, तारीख बदलल्याच्या प्रत्येक नोटिशीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. रद्द करायचा अर्ज ईमेलने पाठवा, वर्गातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. प्रत्येक विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी लोकपाल नेमायचा असतो, यूजीसीच्या 2023 च्या नियमावलीत आहे, त्याचा ईमेल वेबसाइटवर शोधा. बाकीचं व्यनित सांगते, इथे संपादक रागावलेत.