टर्म इन्शुरन्स घ्यायचाय, दोघं नोकरीवाले, बजेट वर्षाला ३० हजार. सुचवा

भांडुपकर_पश्चिम:
नमस्कार मंडळी. मी ३४, बायको ३२, मुलगी ४ वर्षांची, आई आमच्याकडेच असते. भांडुपला वन बीएचके घेतलाय, लोन अजून ५८ लाख बाकी, हप्ता ५४ हजारांच्या आसपास. माझा हातात पगार ६२, बायकोचा ७८. दोघांचा मिळून वर्षाला ३० हजारांच्या वर प्रीमियम झेपणार नाही, मुलीची शाळेची फी पण आहे. मामा एजंट आहे, तो एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र) घे म्हणून मागे लागलाय, वर्षाला २५ हजार, २० वर्षं, कव्हर ५ लाख. मी कधीमधी तंबाखू खातो, ते फॉर्मात लिहावं का? किती कव्हर, कुणाचा, कुठली कंपनी, सांगा.

घाटकोपरचा_हिशेबनीस:
५ लाख कव्हर?? मुंबईत ५ लाखात कुटुंब किती महिने जगेल ते मामालाच विचार. टर्म घे आणि मोकळा हो. मी २ कोटीचा घेतलाय ७५ वर्षांपर्यंत, वर्षाला ३६ हजार जातात पण रात्री शांत झोप लागते. तू पण २ कोटीच घे, १ कोटीला आता काही किंमत राहिलेली नाही.

भांडुपकर_पश्चिम:
दादा बजेट ३० हजार आहे, दोघांचं मिळून.

घाटकोपरचा_हिशेबनीस:
महिन्यातून दोनदा बाहेरचं जेवण कमी करा, निघतात पैसे.

लिक_समर्थक:
प्रायव्हेटच्या नादी लागू नका. एलआयसी १९५६ पासून आहे, सरकार मागे उभं आहे. माझ्या वडिलांच्या पॉलिसीच्या पैशांतून बहिणीचं लग्न झालं. टर्ममध्ये जिवंत राहिलात तर हातात काय, शून्य. मामा बरोबर सांगतोय.

सौ_मुलुंड:
अहो टर्म एलआयसीची पण मिळते की, आणि एन्डोमेंट प्रायव्हेटवाले पण विकतात. भांडण कंपनीचं नाहीच, आपण घेतोय काय ते बघा. एन्डोमेंटचा परतावा शेवटी पाच-सहा टक्क्यांच्या आसपास पडतो, पीपीएफ बरा. आणि सगळे ह्यांच्याच कव्हरचं बोलताय, पगार जास्त बायकोचा आहे ना? ती नसेल तर ६२ हजारांत ५४ चा हप्ता भरून उरतात ८. आधी तिचा काढा.

घाटकोपरचा_हिशेबनीस:
हे मी पण लिहिणारच होतो. सहमत.

चाळीतला_बंड्या:
हिशेब करून बघ. १ कोटी आले, ५८ लाखांचं लोन फेडलं, उरले ४२. सात टक्क्यांनी ठेवले तर महिना साडेचोवीस हजार, वरून महागाई. पण जो मागे राहील त्याचा पगार चालू असेल, म्हणून दोघांना एकेक कोटी पुरे, ६० वयापर्यंत. ७५ कशाला, लोन संपलेलं असेल, पोरगी कमावती असेल, मुदत जितकी लांब तितका प्रीमियम जास्त. लोन देताना बँकेने इन्शुरन्स गळ्यात मारला असेल तर कागद काढून बघ. माझ्याकडून एकरकमी प्रीमियम घेऊन लोनमध्येच घुसवला, म्हणजे त्यावर पण व्याज चालू, आणि कव्हर दरवर्षी खाली येतं. तो सक्तीचा नसतो, पण सही घेताना ते कुणी सांगत नाही.

वडाळा_टॉवर:
भांडुपला वन बीएचकेला इतकं लोन? कधी घेतला? आम्ही वडाळ्याला २०१२ ला घेतला, आता भाव विचारू नका.

चाळीतला_बंड्या:
कुणी विचारलं पण नव्हतं.

लोकलचा_प्रवासी:
सगळे मरायचंच बोलताय. टर्म फक्त मृत्यूवर पैसे देते. गर्दीत दारातून पडलो आणि पाय गेला तर? कायमच्या अपंगत्वाचा रायडर (पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) बघ, नाहीतर वेगळी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी घे. तोवर निदान बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा चालू कर, वर्षाला २० रुपये, २ लाखांचा अपघात विमा. इतके स्वस्त असून अर्ध्या ऑफिसने केलेला नाही.

पीएफवाला_भाऊ:
कंपनीच्या ग्रुप कव्हरवर विसंबू नका, नोकरी सुटली की ते पण जातं. पीएफ कापत असेल तर ईडीएलआयमध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या आयुर्विम्यात, घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख मिळतात, बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. दोघांचं ई-नॉमिनेशन भरलंय का आजच बघा.

लिक_समर्थक:
तंबाखूचं लिहू नका, कधीमधीच खाता ना. तीन वर्षं गेली की विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनी काही विचारू शकत नाही. वर प्रीमियमवरचा जीएसटी पण गेला.

सौ_मुलुंड:
जीएसटी गेला ते खरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर नाही, आधी टर्मला १८ टक्के होता. पण बाकीचा सल्ला कुणी ऐकू नका. तीन वर्षांच्या आत काही झालं तर? क्लेम लटकेल, आणि कंपनीच्या दारात बायकोला उभं राहावं लागेल, तुम्हाला नाही. मेडिकलमध्ये निकोटिन दिसू शकतं. तंबाखू लिहा, प्रीमियम बराच वाढेल, वाढू दे. आणि तुमची पॉलिसी घेतानाच एमडब्ल्यूपी कायद्याखाली काढा, विवाहित महिला मालमत्ता कायदा १८७४. मग त्या पैशावर कर्ज देणाऱ्यांचा आणि नातेवाइकांचा हक्क पोचत नाही, ते बायको-मुलीचेच. नंतर जोडता येत नाही.

वडाळा_टॉवर:
रिटर्न ऑफ प्रीमियमवाला घ्या, सगळे पैसे परत.

चाळीतला_बंड्या:
परत मिळतात ते बिनव्याजी, आणि त्यासाठी प्रीमियम जवळजवळ दुप्पट. तुम्ही घ्या, तुम्हाला वडाळा परवडतोय.

भांडुपकर_पश्चिम:
सगळ्यांचे आभार. काल ठरवलं. बायकोचा १ कोटी, ११ हजार. माझा १ कोटी, तंबाखू लिहून २१ हजार, एमडब्ल्यूपीसकट. दोन्ही ६० पर्यंत. रायडर बायकोच नको म्हणाली, पुढच्या वर्षी वेगळी अपघात पॉलिसी बघू. आणि मामाची एन्डोमेंट पण घेतोय, २ लाखांची छोटी, १० हजार वर्षाला.

घाटकोपरचा_हिशेबनीस:
एवढं सगळं ऐकून एन्डोमेंट???

सौ_मुलुंड:
तीस हजारांचे बेचाळीस झाले की हो.

भांडुपकर_पश्चिम:
झाले. घराचं डाऊन पेमेंट करताना मामाने तीन लाख दिले होते, एक पैसा व्याज घेतलं नाही. त्याला सरळ नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आईची तर त्याहून नाही.

चाळीतला_बंड्या:
मग पॉलिसी कसली, व्याजच देतोयस मामाला, दे बापडा. पण फॉर्म मामाने भरला असेल तर हातात आल्यावर एकेक उत्तर स्वतः वाच. ३० दिवसांचा फ्री लूक (पॉलिसी परत करायची मुदत) असतो, चूक निघाली तर तेवढ्यात कळव.

वडाळा_टॉवर:
मामा होम लोन पण करून देतो का?