मदत हवी आहे: सीटचं नवीन कव्हर बसेना, पुढच्या कोपऱ्यांत चुण्या

घासलेटपंथी
सरळ मुद्द्यावर येतो. ड्रायव्हर सीटचं नवीन कव्हर तीनदा चढवलं, तीनदा उतरवलं. बैठकीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत चुण्या पडतात. डावीकडचं पायपिंग (शिलाईवरची गोल किनार) पाऊण इंच मागे सरकतं. मधला पट्ट्यांचा भाग खोलगट दिसायला हवा, तो तंबूसारखा वर राहतो. कव्हर चुकीचं शिवलंय का? आणखी ओढू की परत पाठवू? लवकर सांगा, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडा आहे.

चौथा गिअर
डबा आधी बंद करा. गाडी कोणती, साल कोणतं, चामडं की रेक्झिन, फोम नवा की जुना? आणि फोटो कुठंय?

घासलेटपंथी
एमजीबी रोडस्टर, ती जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, अजून कोणती असणार? मागच्या धाग्यातलीच. रेक्झिन. फोम ठीक आहे.

आरीदोरा
एमजीबी १९६२ ते १९८० बनत होती आणि सीट मध्ये बदलत गेल्या. त्यामुळे "अजून कोणती" म्हणून भागत नाही, साल सांगा. चुकीच्या सालाचं कव्हर असेल तर बाकी सगळी चर्चा फुकट.

"फोम ठीक आहे" हे कशावरून? उघड्या फोमवर पुढच्या कडेपासून चार बोटं आत अंगठा दाबून सोडा. लगेच वर आला तर ठीक. खळगा राहिला किंवा बोटाला पिवळा भुगा लागला तर तो संपलाय. जुना फोम ओलाव्याने आणि उष्णतेने आतून तुटतो. कव्हर मात्र मूळ उंचीच्या मापाने शिवलेलं असतं. फोम १२-१५ मिमी बसला की तेवढं कापड फालतू होतं आणि जाऊन कोपऱ्यात गोळा होतं.

सीट उलटी करून फोमखालचा आधारही बघा. पट्टे असोत की रबरी चादर, हुकांच्या भोकांपाशी फाटलेलं असेल तर वर कितीही चांगला फोम घाला, बैठक झोळीसारखी लोंबणारच.

वाफाळ
एवढं कशाला? कपड्यांना वाफ मारायचं यंत्र घ्या, चुणीवर फिरवा, हाताने बाहेरच्या बाजूला घोटा. पाच मिनिटांचं काम.

चौथा गिअर
वाफ चामड्याला ठीक. रेक्झिनला कोरडी ऊब द्यावी. वाफ शिलाईच्या भोकांतून फोममध्ये जाते आणि मग सीट दोन दिवस कुबट वास मारते. हॉट एअर गन मंद ठेवून सतत हलवत राहा.

वाफाळ
वाफ शंभर अंशांच्या वर जात नाही, गन काही शे अंशांवर जाते. एका जागी तीन सेकंद थांबली की रेक्झिनचा दाणा सपाट होऊन कायमचा चकचकीत डाग. नवशिक्याच्या हातात गन देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

चौथा गिअर
मग हेअर ड्रायर द्या. हाताला सोसवेल इतकं गरम झालं की पुरे. पण फोम बसलेला असताना ऊब दिली तर चुणी तात्पुरती जाते आणि गार झाल्यावर परत येते, हे तरी मान्य करा.

वाफाळ
तेवढं मान्य.

क्रोमपुत्र
स्टिअरिंगच्या चाकाला तडे असतील तर हीच वेळ आहे. तडा इंग्रजी व्हीच्या आकारात कोरून मोठा करा, स्पिरिटने पुसा, दोन भागांचं इपॉक्सी किंचित वर येईल इतकं भरा. २४ तासांनी आधी १८०, मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर. न कोरता वरून लिंपलं तर ते निघून येतं.

चौथा गिअर
स्टिअरिंगबद्दल कोणी विचारलंय?

घासलेटपंथी
साल १९७१. कव्हरच्या पिशवीवरही तेच साल आहे. अंगठ्याचा खळगा राहिला आणि भुगाही लागला. खालचं रबर शाबूत आहे. म्हणजे कव्हर निर्दोष?

आरीदोरा
अजून एक सांगा. कव्हर उलटं करा. मधला भाग आणि बाजूची उंच गादी जिथे जोडलीय, त्या शिलाईला आतून कापडी पट्टी आहे का?

घासलेटपंथी
आहे. लोंबत होती म्हणून कापणार होतो.

आरीदोरा
कापू नका! सगळा खोलगटपणा त्या पट्टीत आहे. तुमचा तंबू झालाय तो तिला मोकळं सोडल्यामुळे.

नवा तयार फोम आणा. कापून करणार असाल तर घनता ३५ ते ४० किलो प्रति घनमीटर घ्या आणि कडेला १० मिमी जास्त ठेवा, म्हणजे कव्हर आतून भरलेलं राहतं. मग कव्हर उलटं करून फक्त मधला भाग फोमवर ठेवा, मध्यरेषा खडूने जुळवा. फोममध्ये आरपार फट असेल तर पट्टी त्यातून खाली ओढून सांगाड्याला बांधा. नुसती खाच असेल तर खाचेत चिकटवा. सोल्युशन पट्टीला आणि खाचेला, दोन्हीकडे, पातळ दोन हात. पहिला हात फोम पिऊन टाकतो. दुसऱ्यानंतर १०-१५ मिनिटं थांबा, बोटाची मागची बाजू लावून ती चिकटली नाही की दाबा. ओलं असताना दाबाल तर पट्टी सरकेल. ती पूर्ण धरल्यावरच कव्हर सुलटं करून बाजूंवर ओढा. आधी पुढची कड, मग मागची, कोपरे शेवटी. क्लिपा सुरुवातीला सैल लावा.

रेक्झिनसाठी सोल्युशन जपून निवडा. चपलांना वापरतात ते साधं निओप्रीनचं नको. रेक्झिन मऊ ठेवणारा तेलकट घटक हळूहळू त्यात उतरतो आणि काही महिन्यांत ते च्युइंगमसारखं होतं. डब्यावर पीव्हीसीसाठी (म्हणजे रेक्झिनसाठी) चालतं आणि उष्णता सोसतं, असं दोन्ही लिहिलेलं हवं. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको.

मूळरंग
मुळात त्या काळच्या पोताचं रेक्झिन आहे का हे? दाणा वेगळा असेल तर गाडीची शान जाते.

चौथा गिअर
शान नंतर, आधी बसता तर येऊ दे. सीट बाहेर आहेच तर कार्पेट उचलून तळाचा पत्रा टोचून बघा. खालचा तागाचा थर पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा वाटतो आणि पत्रा खालून चाळणी होतो. डॅशखाली हात घालणार असाल तर बॅटरी काढा. १९७१ ची निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं. १९६७ अखेरीस मार्क टू (एमजीबीची दुसरी आवृत्ती) येईपर्यंत पॉझिटिव्ह होती, त्यामुळे जुन्या गाडीची वायरिंग आकृती बघून जोडाल तर घोळ होईल.

घासलेटपंथी
नवा फोम घातला, पट्टी खाचेत धरली. मधला भाग खाली बसला, उजवा कोपरा साफ. डावं पायपिंग अजून अर्धा इंच मागे.

आरीदोरा
पायपिंगच्या शिलाईचा आतला जास्तीचा काठ बोटाने चाचपा. उजवीकडे तो पुढच्या बाजूला वळलाय की मागे? डावीकडे तसाच हवा. मध्येच उलटा फिरला की पायपिंगला पीळ बसतो आणि ते ओढलं जातं. डाव्या दोन क्लिपा काढा, हात आत घालून काठ फिरवा, तिथेच ऊब द्या.

वाफाळ
वाफेची.

घासलेटपंथी
काठ उलटाच होता. ड्रायरने झालं, पायपिंग सरळ. आता पाठीचा भाग. तिथेही लोंबती पट्टी आहे, ती कापत नाही.

क्रोमपुत्र
स्टिअरिंगच्या तड्यांचं काय ठरलं?