गुरामी सारखा वर येऊन हवा गिळतोय, आणि हा फेस कसला?

काचघर_कल्याण:
नमस्कार मंडळी. लेकाच्या आठव्या वाढदिवसाला दोन फुटी टँक घेतला, 50-55 लिटरचा. दोन महिने झाले. आत सहा निऑन टेट्रा, तीन कोरी आणि ड्वार्फ गुरामीची जोडी. नर निळ्या-केशरी पट्ट्यांचा, एकदम नटलेला. मादी बिचारी रुपेरी, साधी. दुकानदाराने वर दोन टायगर बार्ब "घ्या ताई, माझ्याकडून" म्हणत पिशवीत सोडले.

गुरामी म्हणजे गरीब मासा, असं सांगून दिलाय. पण हा दर थोड्या वेळाने वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळतो आणि खाली जातो. सासूबाई म्हणाल्या, "जीव गुदमरतोय गं त्याचा." म्हणून गेल्या रविवारी दुसरा एअर पंप लावला. आता पाणी आधण आल्यासारखं दिसतं आणि हा हीटरमागे जाऊन बसलाय.

दुसरं म्हणजे, त्याआधी एका कोपऱ्यात रोज पांढरा फेस धरायचा, मध्ये हायड्रिलाचे (टँकमधल्या पाणवनस्पतीचे) तुकडे अडकलेले. साबण तर मी टँकच्या आसपासही नेत नाही. रोज सकाळी चहाच्या गाळणीने (जुन्या!) काढायचे, संध्याकाळी परत हजर. आणि मादीच्या मागे असा हात धुऊन लागायचा की तिची शेपटी फाटलीय. पंप लावल्यापासून फेस बंद झाला, तेवढंच बरं.

मत्स्यप्रेमी_77:
पाणी खराब झालंय. सगळं उपसा, दगड-वाळू गरम पाण्याने धुवा, नवीन पाणी भरा.

पाणवठा:
ताई, थांबा. काही उपसू नका. दोन महिन्यांत वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात जे जिवाणू बसलेत, तेच माशांच्या घाणीतला अमोनिया पचवतात. सगळं धुतलं की निऑन आधी जातील. आठवड्याला पाव पाणी बदला, नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवून, बस.

आता तुमचा गुदमरणारा मासा. त्याला कल्ले आहेतच, पण त्यांच्या वर डोक्यात घड्याघड्यांचा एक अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात. वरची हवा तोंडात घ्यायची आणि तिथून ऑक्सिजन रक्तात. गाळाच्या, झाडोऱ्याच्या संथ पाण्यात राहणाऱ्या जातीची ही सोय. त्याला वर येऊ दिलं नाही तर तो बुडेल, मासा असून! सगळेच, म्हणजे निऑनसुद्धा, पृष्ठभागाला तोंड लावायला लागले तर मात्र काळजी करा. एकटा गुरामी येत असेल तर तो त्याचं काम करतोय. दुसरा पंप काढा. फिल्टरची धार काचेकडे वळवा. टँकवर झाकण ठेवा, पण पाणी आणि झाकण यांत चार बोटं हवा राहू द्या. गार हवा त्याला सोसत नाही. पाणी 25 ते 27 अंश.

आणि फेस... अहो, ते घर आहे त्याचं! नर तोंडात हवा घेऊन, थुंकीत गुंडाळून एकेक बुडबुडा वर सोडतो. ड्वार्फ गुरामी त्यात पाल्याचे तुकडे विणतो. तुम्ही रोज सकाळी गाळणीने त्याचं घर पाडत होतात आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत परत उभं करत होता. मीही पहिल्या टँकमध्ये हेच केलं होतं, वर मिथिलीन ब्लू हे माशांचं औषध ओतून वाळू निळी केली, ती वेगळीच कथा.

मादीला हाणतो कारण घराजवळ तो कुणालाच फिरकू देत नाही. कोपऱ्यात दाट हायड्रिला आणि वर तरंगती झाडं द्या, तिला आडोसा होईल. दुसरा नर चुकूनही आणू नका. ज्याला तुम्ही गरीब म्हणताय तो दुसऱ्या नराला जगू देणार नाही.

टायगर बार्ब आजच परत करा. गुरामीच्या पोटाखाली दोन लांब दोऱ्या दिसतात ना? ते पर आहेत, त्यांनी तो चाचपतो, आंधळ्याच्या काठीसारखे. बार्ब नेमके तेच कुरतडतात. शेपटीत त्यांचाही हात असेल.

गल्लीतला_गप्पी (कोलकाता):
इथे बंगालीत या गोत्राला खलसे म्हणतात, मूळ आपल्याच गंगेकडचा मासा. एक सांगतो: ड्वार्फ गुरामीत एक विषाणू फिरतो. रंग काळवंडला, अंगावर जखम, पोट फुगलं, तर औषध नाही. नवीन मासा आणलात तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा, जाळीही वेगळी.

काचघर_कल्याण:
पंप काढला. बार्ब परत नेले तर दुकानदार "फुकटचे पण नकोत?" म्हणाला. परवा रात्री नर त्या दोऱ्यांनी पानं चाचपत बाहेर आला, आज कोपऱ्यात रुपयाएवढा फेस आहे. सासूबाई विचारतात, पिल्लं कधी?

पाणवठा:
अंडी पडली तर दीड दिवसात फुटतात. पण निऑन वाटच बघत असतील.

काचघर_कल्याण:
हे मी त्यांना सांगत नाही. लेकाने काचेवर कागद चिकटवलाय: "बांधकाम चालू आहे. आईने गाळणी आणू नये."