फोटो आणि त्यामागची गोष्ट एकत्र कशी जपायची? सल्ला हवा आहे

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे, दिवाळीच्या आत खोली रिकामी करून द्यायची आहे. माळा उतरवताना बाबांच्या फोटोंचे तीन पत्र्याचे डबे निघाले. बाबा गिरणीत होते. बोनसच्या पैशांतून त्यांनी जुना आग्फा क्लिक थ्री कॅमेरा घेतला होता. जेजुरी, गोवा, पंढरपूर, गणपतीतलं गाव, चाळीच्या गॅलरीतली बारशी, सगळं त्यात आहे. काही फोटो कॅमेरा घ्यायच्या आधीचेही आहेत.

मी स्वतः रोज मोबाईलवर फोटो काढते. लोकलच्या दारातून दिसणारं आभाळ, जिन्यातली मांजर, शनिवारचा भाजीबाजार. घरच्या ग्रुपवर टाकले की हात जोडलेले येतात, 'छान' येतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं वर सरकून जातं. बाबांच्या फोटोंचं असं व्हायला नको आहे. ते ७९ वर्षांचे आहेत. फोटो हातात दिला की अर्धा तास बोलतात, पण ते बोलणं कुठेच उतरत नाही.

फोटो आणि गोष्ट एकमेकांना चिकटून राहतील आणि सावंतवाडीच्या आत्यापासून पुण्यातल्या भाच्यापर्यंत सगळ्यांना बघता येतील, असं काय करता येईल? डब्यांपासून सुरुवात कशी करू?

निगेटिव्ह_१२०

ताई, आधी एकच विनंती. डब्यातला क्रम मोडू नका. घर हलवायच्या गडबडीत माणसं फोटो 'नीट लावायला' घेतात आणि तिथेच घोळ होतो. एका पाकिटातले फोटो बहुतेक एकाच रोलचे असतात. त्यातल्या एकाचं साल कळलं की बाकीच्यांचंही कळतं. म्हणून प्रत्येक डबा उघडल्यावर आहे तसा, थराथराने मोबाईलमध्ये टिपून ठेवा आणि मगच हात लावा.

क्लिक थ्रीचे फोटो चौकोनी असतील. त्यात १२० चा रोल लागायचा आणि एका रोलवर फक्त बारा फोटो यायचे. बाबांनी प्रत्येक फोटो विचार करून काढलेला आहे, हे लक्षात ठेवून बघा. निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या तर टाकू नका, प्रिंटपेक्षा त्यांत जास्त तपशील असतो.

नुसतं सगळ्यांना दाखवायचं असेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून मोबाईलने काढलेला फोटो चालतो. कायमचं जपायचं असेल तर फ्लॅटबेड म्हणजे सपाट काचेच्या स्कॅनरवर प्रिंट ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) करा, निगेटिव्ह २४०० किंवा त्याहून वर. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, शाईतली तारीख, कुणाचं तरी अक्षर, सगळं मागेच सापडतं.

मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. जुन्या कागदी प्रिंटवर मऊ शिसपेन्सिल चालते. नंतरच्या रंगीत फोटोंची पाठ गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल उमटत नाही, मग पाकिटावर लिहा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा खालून हळूहळू सरकवत न्या. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा. आणि नव्या जागेत डबे पुन्हा माळ्यावर नकोत. मुंबईच्या पावसाळ्यात भिंत ओल धरते, तेव्हा बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा. बुरशीचे ठिपके दिसले तर ओलं फडकं अजिबात लावायचं नाही.

माजघर

वर तांत्रिक सगळं आलं आहे. मी बाबांशी बोलण्याबद्दल लिहिते, कारण माझ्या आईच्या बाबतीत मला उशीर झाला.

'हे कुठलं?' आणि 'हे कोण?' एवढंच विचारलं की गावाचं आणि माणसाचं नाव मिळतं, आणि बोलणं तिथेच थांबतं. मी मावशीबरोबर बसले तेव्हा वेगळे प्रश्न विचारले. फोटो कोणी काढला? त्या दिवशी कोण आलं नव्हतं? अंगावरची साडी कोणाची? डब्यात काय नेलं होतं? महाबळेश्वरच्या एका फोटोत चौघीजणी स्वेटर घालून उभ्या आहेत. मावशी म्हणाली, स्वेटर एकच होता, प्रत्येकीने तो घालून वेगळा फोटो काढला, आणि या एका फोटोसाठी शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाकडून तीन मागून आणले. हे फोटोकडे बघून कुणाला कळलं असतं? फोटोत दिसत नाही तेच लिहायचं. 'महाबळेश्वर, डावीकडून दुसरी आई' हेही हवंच, पण ती त्या गोष्टीच्या खालची ओळ.

कडेला कापलं गेलेलं काही असेल, हात, सावली, अर्धं दार, तर त्याबद्दल मुद्दाम विचारा. जिथे फोटोच नाहीत त्या वर्षांबद्दलही विचारा.

मोबाईल रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा आणि विसरून जा. एका बैठकीत पाच-सहाच फोटो घ्या. सुरुवातीला फोटोचा नंबर मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर कुठलं बोलणं कुठल्या फोटोचं ते कळतं. थकले की थांबा. आणि त्यांचे शब्द बदलू नका. बाबा 'खातं' म्हणत असतील तर तुम्ही लिहिताना 'विभाग' करू नका.

सेमी_फास्ट

गोष्ट फोटोला चिकटून राहावी असं म्हणालात, तर ती फाईलच्या आतच लिहा. फोटोच्या फाईलमध्ये मथळा, वर्णन, ठिकाण, तारीख यांसाठी जागा असते. डिजिकॅम नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात देवनागरीत लिहिता येतं. सेटिंगमध्ये मजकूर फाईलमध्ये साठवायचा पर्याय चालू आहे ना, तेवढं बघून घ्या. मग फाईल कुठेही कॉपी केली तरी मजकूर सोबत जातो.

दोन ठिकाणी लोक फसतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहितीही गळून पडते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. दुसरं म्हणजे गूगल फोटोज. तिथे लिहिलेलं वर्णन फोटोच्या फाईलमध्ये जात नाही. सगळं उतरवून घेतलं तर ते वेगळ्या फाईलमध्ये येतं. शिवाय १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत साठवण बंद झाली, आता १५ जीबीत मेलसकट सगळं बसवावं लागतं. नातेवाइकांना दाखवायला ते वापरा, मूळ प्रती मात्र दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एक तुमच्याकडे, दुसरी पुण्याच्या भाच्याकडे.

पानावरचं_अक्षर

मला हे पटतं, तरी माझा सल्ला थोडा वेगळा आहे. आत्या फाईलचे गुणधर्म उघडून बघणार नाहीत. चाळीसच फोटो निवडा, मोठे प्रिंट करून घ्या, जाड कागदाची वही शिवून घ्या, आणि बाबांना त्यांच्या हाताने दोन-दोन ओळी लिहायला सांगा. ते अक्षर हीसुद्धा ठेव आहे. आमच्याकडे अशी वही गणपतीत बाहेर काढतो. लोक जमलेले असतात, एक पान उघडलं की तिघंजण तीन गोष्टी सांगतात. आम्ही शेवटी कोरी पानं ठेवली आहेत, तिथे ज्याने त्याने आपली लिहायची.

भायखळा_पूर्व

तुमच्या रोजच्या फोटोंबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी चार वर्षं रोज एक फोटो ठेवतो आणि त्याच रात्री त्याखाली चार ओळी लिहितो. दुसऱ्या दिवशीसुद्धा उशीर होतो, वास आणि आवाज निघून गेलेला असतो.

जे रोज दिसतं तेच काढा. बेस्टची जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. त्या दिवशी फोटो काढायला गर्दी लोटली होती. माझ्याकडचा आवडता फोटो मात्र त्याच्या तीन वर्षं आधीचा आहे. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटवर एक मुलगा शाळेचा डबा खातोय, पाठमोरा. चाळ सुटायच्या आत सामायिक नळ, जिन्याची झिजलेली पायरी, मीटरचा खोका, दुपारी तीनला गॅलरीत पडणारं ऊन काढून ठेवा. सणाचे फोटो सगळ्यांकडे असतात.

माणसांचे फोटो विचारून काढा. ससून डॉकच्या मासळी बंदरावर पहाटे मी कॅमेरा खाली ठेवूनच आधी बोलतो. मावशी 'नको' म्हणाल्या तर नको. 'हो' म्हणाल्या तर पुढच्या वेळी प्रिंट नेऊन देतो, आणि खरी गोष्ट त्या दुसऱ्या भेटीत कळते. लोकलच्या डब्यात झोपलेल्या बाईचा चेहरा कितीही सुंदर दिसला तरी तो ग्रुपवर टाकायचा नाही, असं मी ठरवून टाकलं आहे.

लालबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी पहिली बैठक झाली. सहा फोटो ठरवले होते, दोनच झाले.

एका फोटोत बाबा ट्रामसमोर उभे आहेत, दादर टीटीला. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मलाच नीट माहीत नव्हतं. काका म्हणायचे हा १९६६ चा. पण मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर धावली, म्हणजे फोटो त्याआधीचा, बाबा तेव्हा सतरा-अठराचे. डाव्या कडेला एक अर्धा हात आहे, काचेच्या बांगड्या घातलेला. माजघरताईंनी लिहिलं होतं म्हणून विचारलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'ती माझी थोरली बहीण. कॅमेरा मित्राचा होता, त्याला नीट जमत नव्हतं. ती म्हणाली, मी बाजूला होते, तुझा एकट्याचा चांगला येईल.' ती आत्या पुढच्याच वर्षी गेली. तिचा दुसरा फोटो घरात नाही.

मी फोटोंशिवायच्या वर्षांबद्दलही विचारलं. डब्यात १९८२ पासून पुढे चार वर्षं काहीच नाही. १८ जानेवारीला संप सुरू झाला, आणि त्या पावसाळ्यात बाबांनी क्लिक थ्री विकला. शाळेची फी भरायची होती. माझ्या दादाची.

रेकॉर्डिंग ४२ मिनिटांचं आहे. आता वहीचं पहिलं पान तो हाताचा फोटो असणार आहे. तो भाग मोठा करून प्रिंट काढला तर दाणेदार दिसेल का, की अख्खा फोटोच ठेवू? निगेटिव्ह नाही, सव्वादोन इंची प्रिंट आहे.

निगेटिव्ह_१२०

अख्खा ठेवा. १२०० डीपीआयला स्कॅन करून पाच इंची प्रिंट काढा, हात स्पष्ट दिसेल. कापू नका.