गोळ्या चालू असून हिमोग्लोबिन उतरतंय – मदत हवी आहे

खारीबिस्कीट
लवकर उत्तर हवंय प्लीज. हिमोग्लोबिन १०.८ होतं ते ९.६ झालं. गोळी एक दिवसही चुकवलेली नाही. डॉक्टर म्हणाल्या आधी रक्त तपासू, मग गोळ्या दुप्पट नाहीतर शिरेतून लोह. गरोदरपणात शरीर आपणहून जास्त लोह शोषून घेतं असं वाचलं. मग माझंच का घेत नाहीये? काही बिघाड आहे का? आणि 'बीट खा' कृपया कुणी सांगू नका, तीन किलो संपवलंय.

सातारी_कंदी
बीट नको तर खजूर खा. मी रोज सात खायचे, सकाळी उपाशीपोटी. शेवटपर्यंत १२ च्या खाली गेलं नाही.

वडाची_पारंबी
अगं, कितवा महिना ते तर सांग. १०.८ कधीचं, ९.६ कधीचं? गोळी कुठली, कशासोबत घेतेस? फेरिटिन (लोहाचा साठा), एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार) किती?

खारीबिस्कीट
२६ वा आठवडा. १०.८ चौथ्या महिन्यातलं. सरकारी लाल गोळी. नाश्त्यानंतर बाकीच्या गोळ्यांबरोबर घेते. फेरिटिन उद्या आहे. पण माझा प्रश्न शोषणाचा आहे, त्याचं कुणी सांगेल का?

निवांत_बसलोय
२६ आठवडे पगारी रजा मिळते, २०१७ पासून. पहिल्या दोन मुलांपर्यंत. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. एचआर नाही म्हणाले तर लेखी मागा.

खारीबिस्कीट
???

लॅबमधला_उंदीर
मी रक्त तपासणाऱ्यांपैकी, डॉक्टर नाही. तू वाचलंस ते खरं आहे.

लोह आतड्याच्या पेशीत शिरलं म्हणजे रक्तात पोचलं असं नाही. पेशीतून रक्तात उतरायला एकच दार, फेरोपोर्टिन. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते या दाराला चिकटून दारच मोडीत काढतं. साठा भरलेला असला की हेप्सिडिन वाढतं, रिकामा असला की घटतं. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीपासून ते घसरायला लागतं आणि शेवटी नावापुरतं उरतं. म्हणून दारं सताड उघडी. १९९४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात मोजक्या गरोदर बायकांना जेवण देऊन मोजलं होतं: १२ व्या आठवड्यात जेवणातलं सुमारे ७ टक्के लोह शोषलं गेलं, २४ व्यात ३६, ३६ व्यात ६६. अंगात ताप-जंतुसंसर्ग असला तर मात्र हेप्सिडिन पुन्हा वर जातं.

मग उतरलं कसं? एक तर रक्त पातळ होतं. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी. आमटीत पाणी ओतलं की तिखट कमी लागतं, तिखट कुठे गेलेलं नसतं. पण ९.६ चं सगळं खापर पाण्यावर फोडता येणार नाही, ११ च्या खाली आपल्याकडे रक्तक्षयच धरतात. दुसरं, मागणी. अख्ख्या गरोदरपणाला मिळून साधारण १००० मिलिग्रॅम लोह लागतं. बाळ आणि वार यांचं ३०० च्या आसपास, आणि वार आईकडे कमी आहे म्हणून फारसं थांबत नाही, ओढून घेते. साठा आधीच तळाला असेल तर ही ओढ तुझ्या रक्तातच दिसणार.

आणि 'बाकीच्या गोळ्या' म्हणजे नक्की कुठल्या?

खारीबिस्कीट
कॅल्शियम. आणि चहा, नाश्त्याला चहा नसेल तर नाश्ता कसला. त्याने काय होतं?

वडाची_पारंबी
काय होतं!! शरीराने दार उघडून ठेवलंय आणि तू दाराबाहेर चहा-कॅल्शियमला उभं केलंयस. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, कॅल्शियम शोषण अडवतं. दोन गोळ्यांत किमान दोन तास ठेव, चहा तेवढाच लांब. लोहाची गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर.

सातारी_कंदी
आमच्या वेळी चहा पिऊनच सगळ्या बाळंत झाल्या.

उंटावरचा_शहाणा
रोज गोळी घेणंच चूक आहे. गोळी घेतली की हेप्सिडिन २४ तास वर राहतं, दुसऱ्या दिवशीची कमी शोषली जाते. झुरिकच्या २०१७ च्या अभ्यासात १४ गोळ्यांतून रोज घेणाऱ्यांनी १३१ मिलिग्रॅम शोषलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांनी १७५. एकआड घ्या, विषय संपला.

लॅबमधला_उंदीर
संपला कसा? त्या बायका गरोदर नव्हत्या. आणि एकआडवाल्यांना त्याच १४ गोळ्या संपवायला २८ दिवस लागले. हिच्याकडे उरलेत तीन महिने. डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नकोस गं.

उंटावरचा_शहाणा
विज्ञान मांडलं की लोकांना झोंबतं.

कोळंबी_मसाला
सरळ कलेजी खा ना, एवढा काय काथ्याकूट.

वडाची_पारंबी
गरोदरपणात नको! तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की बाळाला धोका संभवतो. शाकाहारी असशील तर लोखंडी कढईत टोमॅटो घातलेली आमटी कर, आंबट पदार्थात कढईचं लोह उतरतं.

निवांत_बसलोय
लोखंडी कढईला भाजी चिकटते त्यावर उपाय? बायको टाकून द्यायला निघालीय.

सातारी_कंदी
टाकू नका हो! धुवून कोरडी करा, तेलाचा हात फिरवून धूर येईपर्यंत तापवा. चार-पाच वेळा केलं की कुळकुळीत होते. आणि आंबट आमटी त्यात ठेवून देऊ नका, काळी पडते.

खारीबिस्कीट
रिपोर्ट आले. फेरिटिन ८, एमसीव्ही ७२. थॅलेसेमियाची (आनुवंशिक रक्तदोषाची) एचपीएलसी तपासणी तिसऱ्या महिन्यातच झाली होती, नॉर्मल. हे सांगायचं राहिलंच. डॉक्टरांनी चहा-कॅल्शियमवरून ओरडा दिला. आता दोन लाल गोळ्या, एक सकाळी पोहे-चहाच्या तासभर आधी, एक रात्री झोपताना. कॅल्शियम दुपारी. चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, तेव्हाही हललं नाही तर शिरेतून.

लॅबमधला_उंदीर
८ म्हणजे कोठार रिकामं. बरं झालं, नेमकं कळलं. उपाशीपोटी मळमळलं तर गोळी बंद करू नकोस, थोडं खाऊन घे.

खारीबिस्कीट
मळमळ नाही, पण आज शी काळी झाली. लाल गोळीने?

वडाची_पारंबी
हो, न शोषलेल्या लोहाने होते. डांबरासारखी चिकट नि घाण वासाची झाली तरच फोन कर.

सातारी_कंदी
आणि खजूर?